गिऱ्हाईक कोण: पाहुणी की यजमानीण?

घरी मसाले करणाऱ्या, वाती वळणाऱ्या, पिशव्या शिवणाऱ्या, हलव्याचे दागिने ओवणाऱ्या सगळ्याजणींना एक विनंती आहे. येत्या संक्रांतीला आपल्या घरच्या हळदीकुंकवाचं प्रदर्शन करू नका. तीळगुळाच्या वाटीशेजारी दरपत्रक नको, सोफ्यावर मांडलेली पाकिटं नकोत आणि दाराशी पैसे भरायचा क्यूआर कोड तर मुळीच नको. धंदा जरूर करा, संक्रांतीसारखा हंगाम वर्षात दुसरा नाही. पण तो दुसऱ्यांच्या घरची वाणं पुरवून करा.

कारण साधं आहे. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला नाही म्हणता येत नाही. तुम्ही तिला कुंकू लावलेलं असतं, अत्तर लावलेलं असतं, हातावर तीळगूळ ठेवलेला असतो. अशा वेळी ‘बघा ना काकू, घरचीच चटणी आहे, शंभरला पाव किलो’ म्हटलं की काकू पर्स उघडतात. चटणी घरी जाते आणि फडताळात मागे सरकते. पुढच्या वर्षी काकू तुमच्याकडे यायचं टाळतात किंवा पर्स घरी ठेवून येतात. तुमची एक विक्री झाली आणि एक घर तुटलं.

आता त्याच काकूंकडे दुसऱ्या बाजूने बघा. त्यांच्या घरीही हळदीकुंकू आहे. सोसायटीतल्या, भजनी मंडळातल्या, माहेरच्या, सासरच्या मिळून चाळीस-पन्नास बायका येणार. प्रत्येकीला काय द्यायचं हा प्रश्न त्यांना डिसेंबरपासून छळतोय. गेल्या वर्षी चहाची गाळणी दिली, त्याच्या आधी स्टीलची वाटी. यंदा वेगळं हवं, स्वस्त हवं आणि दिल्यावर चारजणींनी नाव काढावं असंही हवं. ही बाई आपणहून विकत घ्यायला निघालेली आहे, पैसे बाजूला काढून बसलेली आहे आणि तिला तातडीही आहे. हे तुमचं गिऱ्हाईक. तिच्याकडून एक ऑर्डर मिळाली की तुमचा माल पन्नास घरांत जातो, तोही विकला न जाता, भेट म्हणून. आलेल्या वाणाला कोणी नाक मुरडत नाही, घरी नेऊन निदान उघडून तरी बघतात.

घरी बोलावून विकण्याची रीत वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. टपरवेअरने जगभर तेच केलं. अमेरिकेत १९५१ च्या सुमारास त्या कंपनीने आपले डबे दुकानांतून काढून घेतले आणि फक्त घरगुती पार्ट्यांमधून विकायला सुरुवात केली. त्यामागे ब्राउनी वाइज नावाची बाई होती. भारतात ते डबे १९९६ मध्ये आले आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतही त्या पार्ट्या रंगल्या, हे चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. पण पार्टीला जाणारीला ठाऊक असायचं की आपण डबे बघायला चाललोय. हळदीकुंकवाला येणारी कुंकू लावून घ्यायला आलेली असते. तिला न सांगता गिऱ्हाईक करणं हा तिचा अपमान आहे, मग माल कितीही चांगला असो. डब्यांचीच पार्टी करायची असेल तर फेब्रुवारीत वेगळा दिवस धरा आणि तसं सांगून बोलवा.

वाणाच्या बाजारात तुमची गाठ कोणाशी आहे तेही ओळखून असा. पुण्यात बोहरी आळी आणि तुळशीबाग, मुंबईत दादर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या जानेवारीत वाणाच्या वस्तूंनी भरलेल्या असतात. डझनाच्या भावात प्लास्टिकचे डबे, साबणदाण्या, आरसे, कंगवे, करंडे. त्या किमतीशी तुम्ही लढू शकणार नाही आणि लढूही नये. पण त्या वस्तूंचा एक मोठा दोष असतो, तो म्हणजे त्या संपत नाहीत. प्रत्येक घरात वाणाच्या वस्तूंचा एक डबा असतो, त्यातली साबणदाणी पुढच्या वर्षी दुसरीच्या ओटीत जाते, आणि फिरत फिरत कधी कधी मूळ मालकिणीकडे परत येते. तुमच्या मालाचा गुण नेमका इथे आहे. गोडा मसाला वापरून संपतो, मेतकूट लहान मूल संपवतं, फुलवात रोज एक जळते. आणि संपलेली वस्तू परत मागवावी लागते.

म्हणून वाण निवडताना पहिली कसोटी हीच लावा, की ही वस्तू दोन महिन्यांत संपेल का? गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, चहाचा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कारळ्याची, जवसाची किंवा तिळाची चटणी, मुखवास, आमसुलं, तुपातल्या फुलवाती, कापसाच्या वाती. कोकणात-गोव्यात असाल तर तिरफळं आणि आमसुलं एका पुडीत द्या, देशावरच्या बायकांना त्याचं अप्रूप असतं. आगळ मात्र देऊ नका. बाटली गळते आणि दुसरीच्या नव्या साडीवर तुमचं नाव कायमचं उमटतं. कापडी पिशव्या आणि खणाचे बटवे संपत नाहीत हे खरं, पण ते रोज हाताळले जातात, त्यामुळे तेही चालतील. भाजीसाठी जाळीच्या लहान पिशव्या शिवून दिल्या तर मंडईत दर आठवड्याला निघतात.

दुसरी कसोटी पर्सची. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी एक बाई चार-पाच घरं करते. तिच्या पिशवीत प्रत्येक घरची ओटी असते: ओले हरभरे, बोरं, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, गव्हाची ओंबी, वर तिळाच्या वड्या. सगळं ओलसर आणि टोकदार. त्यात तुमची मसाल्याची पुडी दाबली जाते. बटर पेपरमध्ये बांधलेली शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या घरापर्यंत तेल सोडते. पातळ पिशवी उसाच्या कांड्याने फाटते आणि बोरांना मसाला लागतो. पांढऱ्या कागदी लेबलावर कुंकवाचं ओलं बोट लागलं की तुमचा फोन नंबर गेला. तेव्हा पाकीट जाड, नीट सील केलेलं असावं आणि लेबल पुसलं जाणार नाही असं चकचकीत कागदाचं. नमुन्याचं एक पाकीट स्वतः बोरं-हरभऱ्यांच्या पिशवीत घालून संध्याकाळभर मिरवा. घरी येऊन बघा काय उरलंय ते.

वजनाच्या बाबतीत कंजुषी नको. दहा ग्रॅमची पुडी ही जाहिरात झाली, तिच्यात एक आमटीही धड होत नाही. पन्नास ग्रॅम गोडा मसाला दिला तर चारजणांच्या घरात दहा-बारा वेळा वापरला जातो, तेवढ्यात नवऱ्याला कळतं, सासूला कळतं, आणि संपल्यावर डब्याच्या तळाशी चमचा खरवडताना तुमची आठवण येते. आता हिशेब करा. समजा, मजुरी धरून तुमच्या मसाल्याचा भाव किलोला ८०० रुपये आहे. ५० ग्रॅमचे झाले ४०. पाकीट, लेबल, सील करण्याचे ४-५. म्हणजे ५० रुपयांत तुम्ही ते सुखाने देऊ शकता. जिचं बजेट तीसचं आहे तिला मेतकूट सांगा. किलोला ४०० चं मेतकूट असेल तर ५० ग्रॅमचे २० होतात, पाकीट धरून २५. तिसात बसतं. तीन वेगवेगळ्या किमतींत तीन वस्तू तयार ठेवा, त्याहून जास्त नकोत. पंधरा वस्तूंची यादी पाठवली की यजमानीण ती नणंदेला दाखवते, नणंद जावेला, आणि शेवटी बोहरी आळीतून साबणदाण्या येतात.

एक मोह मात्र टाळा. ‘वाणाचा मसाला’ म्हणून हलका माल करू नका. धन्याचं प्रमाण वाढवलं, दगडफूल-नागकेशर कमी केलं की किलोमागे शंभर-दीडशे वाचतात, हे कोणाला समजत नाही असं वाटतं. सगळ्यांना समजतं. १९५९ च्या १५ मार्चला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, ते लिज्जत. त्यांनीही सुरुवातीला दोन प्रतींचे पापड केले होते, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा यांनी त्यांना बजावलं की एकच प्रत ठेवा आणि ती उतरू देऊ नका. वाणाच्या बाबतीत हा सल्ला दुप्पट लागू आहे, कारण पुडी घेणाऱ्या पन्नासजणींपैकी अठ्ठेचाळीसजणी तुमचा माल आयुष्यात पहिल्यांदा चाखणार असतात.

लेबलावर कविता नको. पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, निव्वळ वजन, कधी केला, कधीपर्यंत चांगला, किंमत, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह, तुमचं नाव-पत्ता आणि फोन. शिवाय अन्नपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. घरच्या स्वयंपाकघरात करतो म्हणून नोंदणी नको असं नाही, लहान उद्योगासाठी वेगळी सोपी नोंदणी आहे. एजंटला हजारो रुपये मोजण्याआधी फॉस्कॉस हे सरकारी पोर्टल स्वतः उघडून बघा, कॉलेजात जाणारी मुलगी किंवा भाचा अर्ध्या दिवसात भरून देईल. उद्यम नोंदणीही जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि फुकट आहे, तिचे कोणी पैसे मागितले तर उठून या.

साबण, क्रीम, लिप बाम घरी करणाऱ्यांना जरा स्पष्ट सांगते. या वस्तू सौंदर्यप्रसाधनांत मोडतात आणि विकण्यासाठी करायच्या तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. ‘केशर-चंदनाचा घरगुती साबण’ वाण म्हणून झकास दिसतो, पण एखादीच्या अंगावर पुरळ आलं तर सगळा हंगाम निस्तरण्यात जाईल. परवाना काढा किंवा परवानाधारकाकडून तयार करून घ्या. नाहीतर यंदा वातींवर भागवा.

लेबलाच्या मागच्या बाजूला मात्र एक ओळ जरूर छापा: किती वापरायचा. ‘चार माणसांच्या आमटीला पाऊण चमचा, फोडणीत नको, उकळी आल्यावर घाला.’ बाजारच्या मसाल्याची सवय असलेली बाई घरच्या कडक मसाल्याचे दोन चमचे घालते, आमटी कडू होते आणि दोष तुमच्या माथी येतो. ‘शुद्ध, सात्त्विक, आजीच्या हातची चव’ असल्या शब्दांनी कोणाची आमटी सुधारलेली नाही. भाजणीच्या पाकिटावर पाण्याचं प्रमाण द्या. मेतकुटावर लिहा, ‘मऊ भात, तूप, अर्धा चमचा’. वाचणारी त्याच रात्री करून बघते.

आणि यजमानणीला विसरू नका. ऑर्डर घेतानाच तिला शंभर ग्रॅमचं एक पाकीट घरी वापरायला द्या, वेगळे पैसे न घेता. हळदीकुंकवाच्या दिवशी तुम्ही तिथे नसणार. कोणीतरी पुडीचा वास घेऊन विचारणारच, ‘अगं, छान वास येतोय, कुठून आणलंस?’ तेव्हा उत्तर तिने द्यायचंय. तिने स्वतः चाखलेला असेल तर ती म्हणेल, ‘आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या वहिनी करतात, परवा मी मसालेभात केला होता, हे दोनदा मागून जेवले.’ तुमच्या दहा संदेशांनी जे होत नाही ते या एका वाक्याने होतं.

आता तारखांकडे वळू या, कारण दरवर्षी इथे घोळ होतो. संक्रांत सूर्याच्या गणिताने येते म्हणून १४ किंवा १५ जानेवारीला ठरलेली. हळदीकुंकवाचा शेवट रथसप्तमीला, आणि ती माघातली तिथी, चंद्राच्या हिशेबाने चालणारी. त्यामुळे हंगाम दरवर्षी लहान-मोठा होतो. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे महिन्याहून अधिक वेळ मिळाला. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीलाच आली, जेमतेम बारा दिवस. बारा दिवसांच्या वर्षी सगळ्याजणी दोन शनिवार-रविवारांत हळदीकुंकू उरकतात आणि सगळ्यांना पाकिटं एकाच शुक्रवारी हवी असतात. दिवाळीत नवं कॅलेंडर हातात आलं की पहिल्यांदा रथसप्तमी बघा आणि त्यावरून ठरवा की किती ऑर्डरी घ्यायच्या. जमणार नाहीत त्यांना तेव्हाच नाही म्हणा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ‘ताई, होतंय बघा’ म्हणणाऱ्या बाईला परत कोणी फोन करत नाही.

ऑर्डरी घ्यायला योग्य महिना मार्गशीर्ष. गुरुवारची महालक्ष्मी घरोघर मांडलेली असते, शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना बोलावून फळ आणि पोथी देतात, तिथेच ‘आता संक्रांतीला काय देणार गं?’ हा विषय निघतो. त्या वेळी तुमचा नमुना बाजारात असला पाहिजे. शेजारच्या दोन-तीन घरी पाकीट नेऊन द्या, भाव सांगा, पाच मिनिटांत परत या. पुण्यात भीमथडी जत्रा साधारण याच दिवसांत भरते, बचत गटांतल्या बायकांना ती आणि मुंबईचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन ठाऊक आहेच. गटातर्फे तिथे जागा मिळाली तर तिथेही ‘वाणाच्या ऑर्डरी घेतो’ अशी पाटी लावा. तिथे आलेली बाई खरेदीलाच आलेली असते, संकोचाचं कारण नाही.

पैशांचं बोलताना आपल्या बायका कच खातात, म्हणून हे जरा रोखठोक. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल देताना. पन्नासच्या वर पाकिटं असतील तर भावात सूट द्या, पण सूट आकड्यावर द्या, नात्यावर देऊ नका. ‘तू काय घरचीच’ हे वाक्य या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे. नणंदेला द्यायचं तर वीस पाकिटं प्रेमाने फुकट द्या, त्यात गोडवा राहतो. विकायचं तर इतरांच्याच भावाने विका. अर्ध्या किमतीत दिलं की तिला वाटतं, तेवढ्यातही हिचा नफा असेल. तुम्हाला वाटतं, हिने लुटलं. आणि हे दोघी मनात ठेवून गणपतीत मोदक वळत बसता.

कधी कधी वॉर्डातल्या एखाद्या नेत्याकडून किंवा त्यांच्या सौभाग्यवतींकडून पाचशे-हजार वाणांची ऑर्डर येते, विशेषतः निवडणूक जवळ आली की. घ्या, पण दोन अटींवर. पैसे पूर्ण आगाऊ, कारण मतदान झाल्यावर ते कार्यालय बंद असतं. आणि पाकिटावर त्यांचा फोटो आला तरी तुमचं लेबल निघता कामा नये. नुसत्या त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याचा मसाला तुम्हाला एकही नवं गिऱ्हाईक देणार नाही.

हलव्याचे दागिने करणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा माल वाणात जात नाही, नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरन्हाणाला जातो. ज्यांनी हलवा करताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. परातीत थोडी खसखस किंवा तीळ घ्यायचे, खाली अगदी मंद आच, आणि चमच्याने थेंब थेंब पाक सोडत हाताने सारखं फिरवायचं. पाक जास्त पडला तर गोळा होतो, आच वाढली तर पिवळा पडतो. थंड कोरड्या हवेत काटा छान धरतो, ढगाळ दिवशी मात्र दाणे चिकटतात. तासन् तास बोटं भाजत बसल्यावर काटेरी पांढरा दाणा तयार होतो. मग तो ओवून, चिकटवून मंगळसूत्र, बाजूबंद, हार, कृष्णाचा मुकुट, बासरी. या कामाची किंमत तोळ्यावर नाही, तासावर लावा. ‘साखरच तर आहे’ म्हणणारीला परातीजवळ दहा मिनिटं बसवा.

या दागिन्यांची जाहिरात आपोआप होते, कारण काळ्या साडीवर ते फोटोत उठून दिसतात आणि त्या संध्याकाळी तो फोटो शंभर मोबाइलांवर जातो. परदेशातल्या मराठी मंडळांतल्या बायकाही तेच फोटो बघून भारतात राहणाऱ्या आईमार्फत मागवतात, म्हणून डबा हवाबंद आणि आत कापसाची गादी, हे आधीच ठरवून ठेवा. फक्त एक करा. लहान बाळाचा फोटो आपल्या स्टेटसवर टाकण्याआधी त्याच्या आईला विचारा. विचारलंत म्हणून ती नाही म्हणणार नाही, न विचारता टाकलात तर बोलणार नाही पण लक्षात ठेवेल.

शहरात राहत असाल तर डिसेंबरमधल्या ऑफिसांकडेही बघा. नाताळच्या सुमारास हिंजवडी, खराडी, ऐरोलीसारख्या ठिकाणी सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्या निघतात. रक्कम ठरलेली, तीनशे किंवा पाचशे, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी आली त्याची आवडनिवड ठाऊक नसलेला एक हैराण तरुण. त्याला बरोबर तीनशे आणि बरोबर पाचशेचा तयार बांधलेला खोका द्या: चहाचा मसाला, मुखवास, खणाचा बटवा. त्याला पर्याय नकोत, सुटका हवी आहे. भिशीतल्या हौजीची बक्षिसंही अशीच ठरलेल्या रकमेची असतात, तिथेही हाच खोका चालेल.

आता जरा कडू बोलते, संक्रांत असली तरी. घरून विकणाऱ्या काही बायकांचा माल स्वतःचा नसतो, कंपनीचा असतो. तोही प्रामाणिक धंदा असू शकतो. पण ज्या योजनेत मालापेक्षा ‘तुझ्याखाली चौघींना जोड’ यावर भर आहे, सामील व्हायलाच पैसे मागतात, गाडी आणि परदेशवारीचे व्हिडिओ दाखवतात, ती योजना हळदीकुंकवाच्या घरात नेऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम केले, त्यांत पिरॅमिड पद्धतीला आणि पैसे फिरवण्याच्या योजनांना मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, बहिणीचे आणि शेजारणीचे पैसे तुमच्या शब्दावर बुडाले तर ते पुढच्या किती संक्रांती ऐकून घ्यावं लागेल याचा विचार करा.

मग स्वतःच्या घरच्या हळदीकुंकवाला काय द्यायचं? तुमचाच माल द्या की! मोकळेपणाने द्या, पूर्ण पन्नास ग्रॅमचं पाकीट, नेहमीच्या लेबलासह. फक्त तोंडाने त्याबद्दल बोलू नका. कोणी विचारलं तर ‘हो, मीच करते’ एवढं पुरे, भाव विचारला तर ‘उद्या फोन करते ना, आत्ता बसा’ म्हणा. आलेल्यांचे नंबर घेऊन परस्पर एखाद्या ग्रुपमध्ये घालू नका, सकाळी उठून ‘लेफ्ट’ झालेल्यांची नावं वाचणं काही सुखाचं नसतं. आणि बोलावताना नवरा नसलेल्या बायकांनाही बोलवा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो कित्ता गिरवायला सगळ्या ग्रामपंचायतींना सांगितलं. गावं एवढं करत असतील तर आपल्याला उंबऱ्यावर अडवायचं काय कारण? हे मी धंद्यासाठी सांगत नाहीये.

रथसप्तमी झाली की बहुतेकजणी हुश्श करून बसतात, आणि खरी विक्री नेमकी तिथे हातची जाते. वाणाचा नफा तसा किरकोळच असतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात लाल मिरची उतरते, बेडगी, संकेश्वरी, आणि घरोघर वर्षाच्या तिखट-मसाल्याचा विषय निघतो. गच्चीवर मिरच्या वाळवून कांडप गिरणीत रांगेला उभं राहणं आता बऱ्याचजणींना झेपत नाही. त्यांच्या डब्यात तुमचे पन्नास ग्रॅम पाच-सहा आठवड्यांपूर्वी येऊन संपलेले असतात. एका वहीत लिहून ठेवा की कोणाच्या हळदीकुंकवाला किती पाकिटं गेली, कोणत्या वस्तूची गेली, आणि नंतर कोणी आपणहून फोन केला. ज्यांनी फोन केला त्यांच्यापासून सुरुवात करा. मग यजमानणींना विचारा, ‘काकू, यंदाचं तिखट किती करू तुमचं? दोन किलो की तीन?’ मिरचीचा भाव त्यांच्यासमोर लिहून दाखवा, कुटणावळ आणि मजुरी वेगळी सांगा, निम्मे पैसे घ्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्या आंबेडाळ करतील तेव्हा पन्ह्यासाठी वेलची-केशराची पूड लागेल, तेही त्याच फोनवर विचारून टाका.